कागदावरचा १ जून

शाळेचं जनरल रजिस्टर उचलायला दोन हात लागतात. बाईंनी ते लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून काढलं, टेबलावर ठेवलं आणि पदराच्या टोकाने वरची धूळ झटकली. कापडी पुठ्ठा, उसवलेली शिवण, कडांनी तपकिरी झालेली पानं. १९७३च्या जूनचं पान निघालं. टाकाने लिहिलेलं वळणदार, एकाच हातचं अक्षर. ‘जन्मतारीख, अंकी व अक्षरी’ या रकान्यावर मी बोट ठेवलं आणि खाली खाली नेलं. १ जून १९६७. १ जून १९६७. पुन्हा १ जून १९६७. मध्येच एक १२ ऑगस्ट, की परत १ जून. पानावर सतरा मुलं, त्यांतली बारा एकाच दिवशी जन्मलेली. नवव्या ओळीत माझे आतेभाऊ, आम्हा सगळ्यांचे अण्णा.

अण्णा शेजारीच उभे होते. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापक म्हणून स्वतः अशी रजिस्टरं सांभाळली, पण आपली ओळ त्यांनी कितीतरी वर्षांनी पाहिली. “मोठ्या गुरुजींचं अक्षर,” एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

या अंकासाठी संपादकांनी विषय दिला होता, एक महिना आणि एक घर. कुठलाही महिना घ्या, पण त्या घरात राहून लिहा, असं त्यांचं म्हणणं. मला घर शोधावं लागलं नाही. कोरेगाव तालुक्यात वसना नदीच्या काठी आत्याचं घर आहे, आणि २०२५च्या मे महिन्यात तिथे लेकीचं लग्न, नातवाचं जावळ, पुतण्याचा दहावीचा निकाल आणि अण्णांची निवृत्ती असं सगळं एकदम आलं होतं. एकाच महिन्यात एवढं का, हे विचारत गेले तेव्हा बहुतेक वाटा या नवव्या ओळीपाशी येऊन थांबल्या.

चतुर्थ श्रेणी वगळता राज्य सरकारी कर्मचारी आणि जिल्हा परिषदेचे शिक्षक यांचं निवृत्तीचं वय ५८. ज्या महिन्यात अठ्ठावन्न पुरी होतात, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारनंतर नोकरी संपते. आदेशात ‘नियत वयोमानानुसार’ असा शब्द असतो. पण ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या अखेरीलाच मोकळा होतो. म्हणून १ जूनवाले सगळे ३१ मेला घरी जातात. तलाठी, ग्रामसेवक, शिपाई, गुरुजी, लेखाधिकारी, महाराष्ट्रभर एकाच दुपारी. कोरेगावात फेटे बांधणाऱ्याकडे आम्ही ३१ तारखेची वेळ मागायला गेलो, तर त्याची सकाळ आणि दुपार दोन्ही आधीच बोलून झाली होती. “त्या दिवशी सगळ्या तालुक्याचं डोकं माझ्याकडंच असतंय,” तो म्हणाला आणि आम्हाला सकाळी साडेसातची वेळ दिली.

भूकंपाच्या साली

१ जून का, याचं उत्तर गावातला कुणीही साठीचा माणूस देईल. शाळा जूनमध्ये भरायची. गुरुजी आळीआळीतून पोरं गोळा करत. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की पोरगं शाळेच्या वयाचं झालं. मग रजिस्टरात तारीख हवी. आईबापांना सण आठवायचा, पेरणी आठवायची, कुणाच्या लग्नात ती बाळंतीण होती ते आठवायचं. इंग्रजी तारीख कुणाला ठाऊक? सहावं पुरं झालेलं दाखवायचं, तर शाळा भरायच्या महिन्याची पहिली तारीख लिहिली की हिशेब बसला. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा देशभराचा कायदा १९६९ सालचा. त्याआधी गावात नोंद व्हायची ती कोतवाल बुकात, आणि तीही अमक्याला मुलगा झाला एवढीच, मुलाच्या नावाशिवाय. २०२३च्या अखेरीस कुणबी नोंदी शोधायला माणसं तहसीलला लोटली, तेव्हा कितीतरी घरांनी आपल्या माणसांच्या जन्माचा तो एवढासा कागद पहिल्यांदा पाहिला.

अण्णांच्या जन्माची पक्की नोंद आत्याजवळ आहे. आत्या आता पंच्याऐंशीच्या घरात. ११ डिसेंबर १९६७ची पहाट तिला कालच्यासारखी दिसते. कोयनेचा भूकंप. “मडकी हालायला लागली, मला वाटलं मांजर शिरलं. तवर सगळी उतरंड खाली आली. ह्यो पोटात व्हता. सहावा म्हयना. पोट धरूनच अंगणात पळाले.” त्यानंतरच्या शिमग्याला अण्णा झाले. म्हणजे १९६८चा मार्च. कागदाप्रमाणे त्या पहाटे ते सहा महिन्यांचे होऊन पाळण्यात होते. आत्याच्या सांगण्याप्रमाणे ते अजून जगात यायचे होते.

साताऱ्याकडे भूकंप हा असा काळाचा खांब आहे. त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा, अशी माणसं आपली वयं सांगतात. पण सरकारदरबारी खांब चालत नाही. नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज केला तर जन्मतारीख दुरुस्त करता येते, त्याला पुरावा लागतो, आणि अण्णांकडे पुरावा म्हणजे फुटलेली उतरंड. त्यांनी अर्ज केला नाही. शिमग्याची तारीख धरली असती, तर ते ३१ मार्च २०२६ला निवृत्त झाले असते. दहा महिन्यांचा पूर्ण पगार गेला, आणि शिवाय १ जुलैची एक वेतनवाढ. ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांचं वर्ष पुरं भरतं, त्यांना दुसऱ्या दिवशी लागणारी वेतनवाढ नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३मध्ये सांगितलं. ३१ मेवाल्यांचे अकराच महिने भरतात. एका तारखेचा असा पाठलाग शेवटपर्यंत चालतो.

राग येतो का, असं मी अण्णांना विचारलं. त्यांनी बराच वेळ घेतला. “एक वर्ष आधी शाळेत बसलो ते त्या तारखेमुळेच. सहावं लागलेलं पोर होतो. गुरुजींनी लिहिलं नसतं, तर त्या वर्षी मी म्हशींमागं गेलो असतो. आमच्या आळीतले दोघं तसे गेले, ते परत शाळेकडं वळलेच नाहीत.” मग म्हणाले, “दहा महिने दिले, पण पस्तीस वर्षं मिळाली.”

कुरडयांना ऊन नव्हतं

शिक्षकाच्या घरात लेकीचं लग्न बाप नोकरीत असतानाच करायचं, हा कुठे न लिहिलेला नियम आहे. त्याचं एक कारण वहिनींनी सांगितलं. “पत्रिकेत त्यांच्या नावाखाली शाळेचं नाव पाहिजे, वन्सं. ‘माजी’ लिहायची पाळी नको.” दुसरं कारण पैशाचं आहे. भविष्य निर्वाह निधीतून लग्नासाठी ना-परतावा रक्कम काढता येते, शिक्षकांच्या सोसायटीचं कर्ज पगारातून फिटतं, जामीन राहायला सहकारी तयार असतात. निवृत्तीनंतर पैसा एकदम येतो हे खरं, पण कोणत्या महिन्यात येईल ते कुणी सांगू शकत नाही, आणि कार्यालयवाला तोवर थांबत नाही. त्यात त्या जूनमध्ये गुरूचा अस्त. त्यामुळे ३१ मेच्या अलीकडे जे जे बसेल ते बसवायचं, असं डिसेंबरातच ठरलं होतं. घराचं वर्षभराचं पंचांग त्या १ जूनने मांडलं होतं.

सोन्याने पहिला घाम फोडला. २२ एप्रिलला दहा ग्रॅमचा भाव लाखावर गेला. वहिनींनी अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिलला, घ्यायचं म्हणून मंगळसूत्राचं सोनं राखून ठेवलं होतं. त्या दिवशी दुकानात बसून त्यांनी आपल्या पाटल्या काढून पेढीवर ठेवल्या आणि मोडीत घ्यायला सांगितल्या. अण्णा नको म्हणत होते. वहिनी त्यांच्याकडे न बघता वजनाच्या काट्याकडे बघत राहिल्या.

मग पाऊस. मे महिना हा आपल्याकडे वाळवणाचा. रुखवतासाठी कुरडया हव्या होत्या. गहू तीन दिवस भिजत घातले, रोज पाणी बदललं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढला, रात्रभर निवळू दिला. पहाटे चारला चुलीवर मोठं पातेलं चढलं. चीक शिजताना हात थांबवला की गाठी होतात, म्हणून वहिनी आणि त्यांची जाऊ आळीपाळीने लाकडी उलथणं फिरवत होत्या. सोऱ्या भरून पहिली कुरडई साडीवर पडली तेव्हा सहा वाजले होते, आणि आठ वाजता आभाळ भरून आलं. तशीच साडी चार बायकांनी चार कोपरे धरून सोप्यात आणली. सगळ्या कुरडया पंख्याखाली, खाटेवर, दप्तरांच्या पेट्यांवर वाळल्या. तीन दिवस पाय ठेवायला जागा नव्हती. वाळल्या त्या, पण पांढऱ्या राहिल्या नाहीत. वहिनींना ते लागलं. रुखवताच्या ताटात त्यांनी खालचा थर नव्या कुरडयांचा आणि वरचा मागच्या वर्षीच्या कुरडयांचा लावला.

१३ तारखेला दहावीचा निकाल लागला. पुतण्याला ८१ टक्के. त्या वर्षी अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन, त्यामुळे हळदीच्या घरात एका कोपऱ्यात नवरी मेंदीचे हात सुकवत बसलेली आणि पुतण्या तिला विचारून मोबाइलवर महाविद्यालयांचे पसंतिक्रम ठरवतो आहे, असं दृश्य दोन दिवस चाललं होतं.

लग्न १८ तारखेला, रविवारी, कोरेगावच्या कार्यालयात झालं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, पाठवणीला अण्णा रडले नाहीत. ते रडले पुढच्या रविवारी, पालीच्या खंडोबाला. २५ तारखेला नवं जोडपं देवाला घेऊन जायचं आणि तिथेच अकरा महिन्यांच्या नातवाचं जावळ काढायचं, असं ठरलं होतं. त्या दिवशी पाऊस धरून राहिला होता. दुसऱ्या दिवशी मोसमी वारे मुंबई-पुण्याला पोहोचल्याची बातमी आली, मुंबईच्या नोंदीत इतक्या लवकर कधी नाही. देवळाच्या आडोशाला मामाच्या मांडीवर बाळ, न्हाव्याचा हात हलका, भंडारा भिजून सगळ्यांच्या कपड्यांवर उतरलेला. बाळाच्या डोक्यावरचा पहिला केस खाली पडला तेव्हा अण्णा बाजूला जाऊन उभे राहिले. नंतर जीपमध्ये मला म्हणाले, “याच्या दाखल्यावर तास-मिनिटासकट वेळ आहे, दवाखान्यानं दिलेली. याला कुणी एक जून लिहिणार नाही.”

जोडीचा फोटो

निवृत्तिवेतनाच्या कागदांत नवराबायकोचा एकत्र फोटो लागतो. हा फोटो फेब्रुवारीतच काढून झाला होता, मी तो मेमध्ये पाहिला. अण्णांनी शाळेचा पांढरा शर्ट घातलेला, वहिनींची नऊवारी नाही, नेहमीची सहावारी, कपाळावर ठसठशीत कुंकू. दोघं पट्टीने मोजल्यासारखी ताठ. याआधीचा त्यांचा जोडीचा फोटो लग्नातला.

“दोघांचा कशाला, असं मी ह्यांना विचारलं,” वहिनी म्हणाल्या. “तर म्हणाले, मी गेल्यावर तुला ओळखायला.”

खरं कारण तेच आहे. अण्णांच्या माघारी वहिनींना कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल, सुरुवातीची काही वर्षं वाढीव आणि मग शेवटच्या पगाराच्या तीस टक्के. ती बाई हीच, याची खूण म्हणजे तो फोटो. पण फोटोने भागलं नाही. सेवापुस्तकात लग्नानंतर घाईने केलेल्या नामनिर्देशनात वहिनींचं माहेरचं नाव राहिलं होतं. आधारवर सासरचं, लग्नात तांदळात लिहिलेलं. दोन्ही नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करायला त्या तहसीलला गेल्या. तिथे लिहिणाऱ्याने मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. “पस्तिशीच्या आत-बाहेर वर्षं झाली असतील, ते नाव कुणी घेतलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “आई गेली तेव्हाच ते गेलं होतं.” त्या संध्याकाळी त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलं तेही चीक घोटता घोटता, पहाटे, चुलीकडे बघत.

सेवापुस्तक हा तर स्वतंत्र संसार आहे. नेमणुकीपासूनची प्रत्येक बदली, प्रत्येक वेतनवाढ, प्रत्येक रजा त्यात हवी आणि दरवर्षीच्या पडताळणीची सही हवी. एका जुन्या तालुक्यातल्या दोन वर्षांची सही नव्हती. ती सही करणारे अधिकारी कधीच निवृत्त झालेले. त्यासाठी अण्णा चार वेळा जाऊन आले. शेवटी एका तरुण लिपिकाने जुन्या वेतनपटांचा गठ्ठा स्वतः खाली उतरवला, तासभर धूळ खात दोन्ही वर्षांची पगारपत्रकं शोधली आणि कागद पुढे सरकला. अण्णांनी त्याला चहा विचारला, तर तो म्हणाला, “गुरुजी, मला पेन्शन नाही. तुमची तरी वेळेत होऊ दे.”

तो १ नोव्हेंबर २००५नंतर लागलेला. त्या तारखेनंतरच्यांना जुनं निवृत्तिवेतन नाही, पगारातून अंशदान कापून बाजारात गुंतवायचं. अण्णांचा धाकटा चुलतभाऊही शिक्षक आहे, तोही त्या रेषेच्या पलीकडचा. मार्च २०२३मध्ये, १४ ते २० तारखेपर्यंत, राज्यभर संप झाला तेव्हा दोघं भाऊ एकाच मोर्चात होते; अण्णा आपल्यासाठी नव्हे, त्याच्यासाठी गेले होते. आता घरात अण्णांच्या निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडला जातो तेव्हा चुलतभाऊ उठून गोठ्याकडे जातो. त्यात हेवा नाही. त्याला स्वतःचा आकडा मांडता येत नाही, एवढंच.

हिशेबातला सर्वांत अवघड प्रश्न पेन्शन विकायची का, हा होता. कागदावर त्याला अंशराशीकरण म्हणतात, बोलताना सगळे ‘विकणं’च म्हणतात. निवृत्तिवेतनाच्या चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग सरकारला देऊन त्याची एकरकमी रक्कम घेता येते. या वयात महिन्याच्या हजार रुपयांमागे साधारण एक लाख हातात येतात, आणि ते हजार पंधरा वर्षं कापले जातात. म्हणजे लाखाला एक लाख ऐंशी हजार. माणूस आधी गेला तर पुढची कपात थांबते. थोरला मुलगा चाकणला कंपनीत आहे, त्याच्या घराचा हप्ता मोठा. तो काही बोलला नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. अण्णांचा कल विकण्याकडे होता. वहिनींनी एकच वाक्य उच्चारलं: “पंधरा वर्षांनी मी त्र्याहत्तरीची असंन, तवर दरमहा काय येतंय ते मला सांगा.” शेवटी वीस टक्के विकायचे ठरले. कुणाचं पूर्ण समाधान झालं नाही, आणि मला वाटतं तोच आकडा बरोबर होता.

तांदूळ, लेझीम, पेटी

शिक्षकाच्या निवृत्तीत एक गोष्ट मला फार बोचते. ३१ मेला शाळेला सुट्टी असते. लिपिकाला निरोप देताना सगळं कार्यालय भोवती असतं. गुरुजींचा शेवटचा दिवस येतो तेव्हा वर्गात कुणी नसतं. मुलांची आणि त्यांची खरी ताटातूट १ मेलाच झालेली असते, महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन करून प्रगतिपुस्तकं वाटली त्या सकाळी. त्या सकाळी मी तिथे होते. पहिली ते चौथी मिळून एकोणीस मुलं. निरोपाचं भाषण अण्णांनी केलं नाही. प्रत्येकाला प्रगतिपुस्तक देताना पुढच्या इयत्तेतला एक पाढा म्हणायला लावला. चौथीतून बाहेर पडणाऱ्या तिघांना एकोणतीसचा.

चार्ज देण्याचं काम मात्र मेच्या शेवटच्या आठवड्यात, रिकाम्या शाळेत. सहशिक्षिका बाई चार्ज घेणार होत्या. दोघांनी जडवस्तूंची नोंदवही उघडली आणि एकेक वस्तू हातात धरून टिंब मारत गेले. लोखंडी कपाटं दोन. घंटा पितळी, एक. लेझीम चौदा जोड, त्यांतले तीन मोडके. नकाशे, गुंडाळी, पाच. तराजू. हार्मोनियमची पेटी, एक, भाता फाटका. पोषण आहाराच्या तांदळाची पोती बाईंनी काट्यावर चढवली. पहिली-ते-पाचवीच्या मुलामागे दिवसाला शंभर ग्रॅम, या हिशेबाने वर्षभर नोंद ठेवायची. नोंदवहीत आणि पोत्यात दीड किलोचा फरक निघाला. अण्णांनी घरून दोन किलो तांदूळ आणून पोत्यात ओतले. बाई म्हणाल्या, “गुरुजी, उंदरांनी खाल्ले असतील, तसं लिहू.” अण्णा म्हणाले, “लिहा. पण पोतं पुरं असू द्या.”

सगळ्यात शेवटी जनरल रजिस्टर. नव्या पहिलीची पटनोंदणी अण्णांनीच केली होती. त्या वर्षीची पाच नावं, त्यांच्याच अक्षरातली. ‘अंकी व अक्षरी’ हा रकाना तोच. १४ ऑगस्ट. ३ जानेवारी. २७ नोव्हेंबर. दोघं जुळे, ९ मार्चचे. प्रत्येकाच्या नावापुढे जन्मदाखल्याचा क्रमांक. मी ते पान आणि १९७३चं पान मनात शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. ही पाच मुलं कधी निवृत्त झालीच, तर आपापल्या तारखेला होतील. ३१ मेची गर्दी त्या वेळी कुणाला आठवणार नाही.

शिक्षक कमी असलेल्या शाळांत निवृत्त शिक्षकांना वीस हजारांच्या मानधनावर घ्यायचा निर्णय २०२३च्या जुलैत झाला होता. गावाने अण्णांसाठी तसा विषय काढला. अण्णांनी हात जोडले. डी.एड. करून दहा दहा वर्षं थांबलेली पोरं त्यांच्या माहितीत आहेत, त्यांतली दोन त्यांची विद्यार्थी. “त्या खुर्चीत मी बसलो, तर त्यांच्या डोळ्याला डोळा कसा देऊ?”

सोप्यात कोण बसणार

निवृत्तीचा विचार पुरुष करतो तो पैशाचा आणि शेताचा. अण्णांनी वीस गुंठे आलं लावलं होतं, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, गादीवाफे करून, ठिबक अंथरून. आयुष्यभर सकाळी दहाच्या आत शेतातून परत यायचं, हे आता नको, असं ते मनाशी घोकत होते.

वहिनींचा विचार दुपारचा होता. साडेदहाला अण्णा गेले की साडेपाचपर्यंत घर त्यांचं. दोन म्हशींचं दूध डेअरीला, आत्याचं जेवणखाण, मग दोन वाजता सोप्यात बचत गटाच्या बाया जमतात. तेरा जणी. पैशाचं काम अर्ध्या तासात होतं, उरलेला तास बोलणं. तिथे कुणाच्या सुनेचं, कुणाच्या गुडघ्याचं, कुणाच्या नवऱ्याच्या पिण्याचं निघतं. “हे सोप्यात खाट टाकून बसले, तर एक तरी बाई तोंड उघडंल का?” वहिनींनी मला विचारलं. अण्णांशी हे कसं बोलायचं, ते त्यांना कळत नव्हतं. पस्तीस वर्षांत त्यांना स्वतःच्या घरात जागा मागायची वेळ आली नव्हती.

हे बोलणं शेवटी आत्याने केलं, जेवताना, सगळ्यांसमोर. “आण्णा, दुपारचा तू गोठ्याकडच्या पडवीत बसत जा. सोपा बायांचा हाय.” अण्णांनी घास थांबवला. मला वाटलं लागलं असेल. ते वहिनींकडे बघून म्हणाले, “हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. तिथं काय चालतं?” वहिनी म्हणाल्या, “सगळं.” दुसऱ्या दिवशी अण्णांनी पडवीतली कडब्याची पेंढी हलवली, जमीन सारवायला सांगितली आणि शाळेतून आलेली निरोपाची खुर्ची, पाठीवर सहकाऱ्यांची नावं लिहिलेली, तिथे नेऊन ठेवली.

शनिवार, ३१ मे

फेटा साडेसातला बांधून झाला आणि दुपारी बारापर्यंत तसाच डोक्यावर होता. समारंभ गावच्या मंदिरात, सपत्नीक सत्कार, शाल आणि श्रीफळ. पाऊस थांबला होता, पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं. सुट्टी असूनही मुलं आली. एकोणीसपैकी चौदा, आणि जुनी कितीतरी, त्यांतले काही टक्कल पडलेले. एका विद्यार्थिनीने, ती आता नर्स आहे, फक्त एवढंच सांगितलं की चौथीत तिचे वडील तिला ऊसतोडीला नेणार होते, तेव्हा गुरुजी तीन दिवस त्यांच्या दारात येऊन बसले. वहिनींना हे माहीत नव्हतं. त्या अण्णांकडे बघत राहिल्या, जसं अण्णांनी जेवताना त्यांच्याकडे बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळपासून अण्णांचा फोन वाजत होता. वाढदिवसाच्या शुभेच्छा. त्यांच्याबरोबरच्या, त्याच पानावरच्या मित्रांचे फोन. एकमेकांना शुभेच्छा देण्याची त्यांची जुनी रीत. आत्या दारात बसून ऐकत होती. “आज कसला वाढदिवस?” तिने विचारलं. अण्णा म्हणाले, “सरकारी.” आत्याने बोटांवर मोजलं. शिमगा, पुढचा शिमगा. “येत्या शिमग्याला तुझी अठ्ठावन्न भरत्यात. तवा मी पोळी करीन. ही काय तुझी न्हवं.”

१६ जूनला शाळा भरली. वाऱ्याची दिशा बरोबर असली की नदीपलीकडची ती पितळी घंटा आत्याच्या घरापर्यंत ऐकू येते. अण्णा तेव्हा आल्याच्या रानात होते. मेच्या पावसाने सऱ्यांत पाणी साचून कंद कुजायला लागले होते, म्हणून ते आणि चुलतभाऊ पहाटेपासून पाणी काढून द्यायला चर खणत होते. घंटा झाली तसे ते कुदळ हातात धरून उभे राहिले. राष्ट्रगीताला लागतो तेवढा वेळ. चुलतभाऊ केव्हाच आपल्या शाळेकडे निघाला होता. मग खाली वाकून त्यांनी चराच्या तोंडातला मातीचा बंधारा फोडला, आणि साचलेलं पाणी ओढ्याकडे चालायला लागलं.